आतून मारलेला निळा

"आता मी जे सांगणार हाय ना, त्यावर तुमच्यातला एकबी इस्वास ठिवणार न्हाई," हौशीराम पेंटरनं सुरुवातच अशी केली. "मला म्हाईत हाय. मी ऐकणारा असतो तर मीबी ठिवला नसता."

ऐकायला तिघं होती. एक साळुबाई, जिची चहाची टपरी हौशीरामच्या दुकानाला पाठ लावून उभी होती. मधल्या पत्र्यातून तिला दुकानातलं सगळं ऐकू यायचंच, पण आज ती कप विसळायचे सोडून खुद्द दारात येऊन बसली होती. दुसरा निमगाव साव्याचा सोमनाथ. बैलांच्या शर्यतीचा गाडा रंगवायला टाकून गेले आठ-दहा दिवस तो 'झाला का?' एवढंच विचारायला घोडेगावला खेपा घालत होता. आणि तिसरी महाळुंगे पडवळच्या भगवंत गुरुजींची यशोधरा. सांगायचं होतं ते खरं तर हिलाच. बाकीची दोघं माना डोलवायला.

यशोधरेच्या मांडीवर कापडी पिशवी होती, आणि पिशवीत काय आहे ते हौशीरामला तिच्या फुगवट्यावरूनच कळलं होतं. तिच्या रिमोटच्या गाडीची दुसरी बॉडी. ती आज हातात पडली, तर उद्या दुपारपर्यंत रंगून तयार होत होती, आणि रविवारी घाटात हौशीरामच्या हातचा रंग पळणार होता. नाही पडली, तर बाई ती तशीच, कोऱ्या काचेसारखी पळवणार होती. मग सोमवारपासून येणारा-जाणारा विचारणार, की काय हो, गाडी तर हौशीराम पेंटरकडं दिली व्हती म्हनं, मग रंग कुठाय?

पस्तीस वर्षांत असं विचारायची कुणाला वेळ आली नव्हती. म्हणजे आली होती, पण दर वेळी हौशीरामकडं सांगायला काहीतरी होतं.

गाडीची हकिकत अशी. यशोधरा चाकणला प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दोन हजार पाचच्या सुमारास तिथल्या चार-पाच जणांना रिमोटच्या गाड्यांचा नाद लागला. जत्रेत मिळतात तसली खेळणी नव्हेत ही. हातभर लांब, आत मोटर, चारी चाकांना स्प्रिंगा, आणि रिमोटचा खटका ओढला की अशी सुटणार की मांजराच्या पाठीची आपोआप कमान व्हावी. दोन वर्षं ही मंडळी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत धूळ उडवत होती. मग सुरक्षा अधिकाऱ्यानं हरकत घेतली आणि यशोधरेनं सुचवलं, आमच्या गावाला चला. गावात बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट होता, म्हणजे सरळ, लांब, तुडवून तुडवून टणक झालेला चढ. यात्रेला अजून अवकाश होता आणि बैलांची हरकत असायचं कारण नव्हतं. गावकऱ्यांनी आधी खिदळून घेतलं आणि मग बक्षीस म्हणून पितळी घागर जाहीर केली.

यशोधरेच्या गाडीची जुनी बॉडी आपटून आपटून फुटली होती. बॉडी म्हणजे गाडीचं वरचं कवच. कुणाच्या तरी ओळखीनं तिनं सिंगापूरहून दोन नव्या मागवल्या. एक घरी ठेवली, आणि एक घेऊन ती आठ दिवसांमागं हौशीरामच्या दुकानात आली.

हौशीरामनं ती हातात घेतली आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, बाईनं पॅकिंग आणलंय, माल विसरली. आरपार दिसणारं कवच. बादलीपेक्षा पातळ, पिशवीपेक्षा जाड. दाबलं की वाकायचं, सोडलं की परत जागेवर.

"काका, तीन गोष्टी," यशोधरा म्हणाली. "रंग आतून मारायचा. बाहेरून पातळ फिल्म चिकटवलेली आहे, ती शेवटपर्यंत काढायची नाही. आणि रंग हाच." तिनं तीन इवल्या बाटल्या फळीवर मांडल्या. निळा, पांढरा, काळा. "ह्या प्लास्टिकसाठीच केलेला आहे. गाडी आपटली की बॉडी वाकते, तिच्याबरोबर वाकणारा रंग लागतो. दुसरा चालत नाही."

"आनि रंगवायची कशी?"

"निळी. खिडक्या मोकळ्या, कडेला काळी रेघ, दारावर माझं नाव आणि सात नंबर. खालचा मोटर-चाकांचा सांगाडा आणि रिमोट पण ठेवून जाते, बॉडी बसते का बघायला लागेल."

आता, पहिली गोष्ट हौशीरामनं कान देऊन ऐकली, कारण ती ऐकून त्याला गुदगुल्या झाल्या होत्या. दुसरीही ऐकली. तिसरी चालू असताना तो पहिलीचाच आनंद घेत होता.

कारण आतून रंगवणं म्हणजे त्याचं घरचं काम. तरुणपणी घोडेगावातल्या निम्म्या दुकानांच्या काचांवर त्यानं आतल्या बाजूनं उलटी अक्षरं काढली होती, बाहेरून सुलटी दिसावीत म्हणून. तिथं सगळंच उलटं चालतं. एरवी आपण आधी जमीन रंगवतो आणि शेवटी बारीक नक्षी. काचेवर आधी बारीक रेघ, मग अक्षर, मग मोठा रंग, आणि सगळ्यात शेवटी पाठीमागून पांढरा हात. हे येणारा माणूस आता तालुक्यात दुसरा उरला नाही, हे तो गेली दहा वर्षं सांगत होता आणि विचारत कुणी नव्हतं. आणि आज चाकणच्या कारखान्यातली बाई ते काम घेऊन पायऱ्या चढून आली.

ती गेल्याबरोबर तो टपरीवर गेला आणि त्यानं साळुबाईचा काचेचा गिलास उचलला.

"साळुबाई, ह्यो गिलास बघ. समज, मी ह्येला आतून निळा रंग दिला. दिसंल का भाईरून?"

"दिसंल की."

"आता भाईरून तू नखानं खरवड, घासणीनं घास, न्हाई तर दगडानं घास. निघंल का?"

"कसा निघंल? मधी काच हाय न्हवं."

"ह्येच. रंग आत, काच वर. जगात कुनाचं बोट रंगाला लागत न्हाई. ह्याला म्हंत्यात अक्कल."

"गिलास ठिव खाली," साळुबाई म्हणाली. "गिऱ्हाईक थांबलंय."

पुढच्या तीन दिवसांत हा गिलास त्यानं पोस्टमनला दाखवला, पंचायत समितीतल्या शिपायाला दाखवला, आणि गाडा झाला का विचारायला आलेल्या सोमनाथला दोनदा दाखवला.

हत्यारही त्याच्याकडं होतं. जुन्नरमधला एक फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथली पेनाएवढी हवेची गन त्यानं उचलून आणली होती. एअरब्रश. पूर्वी फोटोतल्या नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण त्या गननं घालवायचे. अडचण एकच होती, विजेची. लोडशेडिंग आठ-आठ तासांचं, आणि कॉम्प्रेसर नेमका रंगात आला की बंद. त्यावर हौशीरामनं उपाय काढला होता तो असा: सकाळी वीज असताना ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब टम्म भरून घ्यायची, तिच्या नळीला गन जोडायची आणि ट्यूबवर बूड टेकून रंगवत बसायचं. हवा कमी झाली की जरा जोर देऊन बसायचं. हे शंभर टक्के खरं होतं. पण तो सांगायला लागला की लोक हसायचे, आणि नंतर थापा मारायला लागला की माना डोलवायचे. त्यात त्याचा काय दोष?

तर कवच साबणानं आतून धुतलं, वाळवलं. खिडक्यांना आतून टेप लावली. पातळ ब्रशनं काळी रेघ ओढली, नाव उलटं काढलं, सात उलटा काढला. इथपर्यंत काम असं झालं की कुणीही नाव ठेवू नये. मग निळ्याची वेळ आली.

त्यानं यशोधरेची बाटली उजेडात धरली. एक तर ती खोकल्याच्या औषधाच्या निम्मी. सोमनाथच्या बैलाच्या एका शिंगाला पुरणार नाही, तर अख्ख्या गाडीला काय पुरणार? मधेच संपला म्हणजे? दुसरं म्हणजे रंग मळका. कपडे धुतल्यावर निळीच्या पाण्याला येतो तसा. आणि वर फळीवर त्याचा स्वतःचा डबा होता, ट्रॅक्टरला मारायचा निळा. काय त्याचा तुकतुकीतपणा. पावसात दहा वर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर तो हलला नव्हता. लोखंडावर हलत नाही तो प्लास्टिकवर कशाला हलेल? बाईला बिचारीला दुकानदारानं गळ्यात मारलेल्या असणार बाटल्या.

त्यानं डब्यातला निळा घेतला, थिनर टाकून दुधासारखा पातळ केला, आणि ट्यूबवर बसला.

सोमवारी संध्याकाळी टेप काढली. साळुबाईनं पदराला हात पुसत बॉडी दोन्ही हातांत धरली, इकडून तिकडून बघितली आणि म्हणाली, "आत आभाळ बसिवलंयस की रं." पस्तीस वर्षांत ती त्याच्या कामाला एवढं बोलली नव्हती. हौशीराम रात्रभर नीट झोपला.

मंगळवारी सकाळी कवचाची जादा कड कात्रीनं कापायची होती. कापताना बॉडी जराशी पिळली गेली आणि आतून आवाज आला. पापड हातात मोडावा तसा. त्यानं थांबून बघितलं. दरवाजावरून निळ्याची एक खपली सुटून आत पडली होती. त्यानं बोटानं अगदी अलगद दाबलं, तर उकडलेल्या अंड्याचं टरफल निघावं तसा अख्खा दरवाजा निघून आला, उलट्या नावासकट. आणि त्याहून वाईट म्हणजे खालचं प्लास्टिक आता काच राहिलं नव्हतं. ते धुरकटलं होतं, आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तशा केसाएवढ्या भेगा त्यात पडल्या होत्या. थिनरनं प्लास्टिक खाल्लं होतं. नुसता रंगच चुकला नव्हता, बॉडीच गेली होती.

पत्र्यापलीकडून साळुबाई म्हणाली, "काय झालं रं? गप का बसलास?"

"कुठं काय," हौशीराम म्हणाला. त्यानं बॉडी पोत्यात घातली आणि पोतं मागच्या पत्र्यांच्या आड सरकवलं.

तो खोटारडा असेल, पण कारागीर होता, आणि का बिघडलं हे कळल्याशिवाय त्याला चहा गोड लागेना. कापलेल्या कडेच्या पट्ट्या अजून कोऱ्या होत्या. कड आधी टेपनं झाकलेली, तिथं रंग पोचला नव्हता. त्यानं बोटाएवढ्या पाच पट्ट्या कापल्या आणि बुधवारभर दुसरं काम केलं नाही. सोमनाथला बाहेरच्या बाहेर परत लावलं.

पहिल्या पट्टीला ट्रॅक्टरचा निळा, फक्त खात्री करायला. सुकल्यावर वाकवली, तडकला. दुसरीला दाराखिडक्यांचा ऑइल पेंट. तो संध्याकाळपर्यंत सुकेचना, आणि सुकल्यासारखा वाटला तेव्हा अंगठ्यानं सरकवला तर सालीसारखा सोलून निघाला. तिसरीला भिंतीचा डिस्टेंपर. वाकवल्याबरोबर पीठ खाली. चौथीला सुनेचा कापडावर फुलं काढायचा रंग. तो वाकला, हे कबूल करायला हवं. पण ओल्या फडक्यानं पुसला गेला, आणि रविवारी टँकर घाटात पाणी मारणार होता. पाचवीला त्यानं यशोधरेच्या बाटलीचं बूच काढलं, ड्रॉपरनं एक थेंब घेऊन गनमध्ये टाकला. लांबून, धुक्यासारखा पहिला हात. सुकू दिला. दुसरा हात. मग तिच्याच पांढऱ्यातला एक थेंब मागून.

आणि पट्टी उलटून बघितली. बाटलीत मळका दिसणारा तो निळा, पाठीला पांढरा बसल्याबरोबर असा उजळला होता की ट्रॅक्टरचा त्याच्यापुढं शाळेतल्या फळ्यासारखा वाटावा. त्यानं पट्टी वाकवली. दहा वेळा वाकवली, वीस वेळा. पट्टीला वळ पडला, रंग जागचा हलला नाही.

सवयीप्रमाणं त्यानं प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीनं रंगाचं नाव लिहिलं आणि पाचही खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडल्या. नमुने टाकून द्यायची त्याच्यात रीत नव्हती.

म्हणजे आता त्याला सगळं कळलं होतं. कुठला रंग, किती पातळ, किती लांबून, कशाच्या मागं काय. राहिलं होतं ते यशोधरेला एवढंच म्हणायचं, की ताई, तुझं ऐकलं नाही, दुसरी बॉडी दे, आता चुकायचो नाही. गुरुवारी सकाळी दाढी करताना त्यानं हे वाक्य आरशापुढं म्हणून पाहिलं. तोंडाला ते नवीन होतं. एका ट्रॉलीच्या रंगाला फोड आले तेव्हा त्यानं ग्रहण लागल्याचं सांगितलं होतं, आणि देवळाच्या कमानीवरचा मोर बदकासारखा झाला तेव्हा तो मोर नसून देवीचं जुनं वाहन असल्याचं. लोकांनी दोन्ही ऐकून घेतलं होतं. ते बदक अजूनही कमानीवर आहे आणि लोक त्याला नमस्कार करतात. मग आताच अशी काय पाळी आली होती?

तर असा हा शुक्रवार, आणि अशी ही तिघं.

"बुधवारी," हौशीराम सांगत होता, "तुझी बॉडी झाली तयार. म्हनलं, गाडीवर बसिवतो आन एक चक्कर मारून बघतो. कामात आपल्या कच्चं काय चालत न्हाई. कालव्याच्या रस्त्याला गेलो. दिवस अजून कासराभर वर व्हता. दोन्ही बाजूला ऊस."

"कुनाचा ऊस?" सोमनाथनं विचारलं.

"भिमाजी शेटचा. मधी बोलू नगं. गाडी खाली ठिवली, खटका वढला. काय पळाली म्हंता. निळी रेघ नुसती. शंभर पावलं गेली, वळिवली, आन तेवढ्यात उसात खसखस."

साळुबाईनं ओठ आवळले. बुधवारी दिवसभर ह्या पत्र्यापलीकडून गनची फुसफुस ऐकू येत होती, हे तिला आठवत असावं.

"बिबट्या?" सोमनाथ म्हणाला.

"बिबट्या. वासराएवढा. आता त्यो बिचारा काय समजला आसंल? आयुष्यात ससं लई बघितलं आसतील त्येनं, पर निळा ससा पयलाच. मी हितं, बिबट्या थितं, मधी गाडी. मी म्हनलं, हौशीराम, आपला जीव ऱ्हाऊ दे, पर गुरुजीच्या पोरीची वस्तू हाय. मी खटका सोडलाच न्हाई. गाडी डाव्या हाताला, बिबट्या डावीकडं. गाडी उजवीकडं, बिबट्या उजवीकडं. पाव घंटा त्याला नाचिवला."

"रिमोटनं?" यशोधरेनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं का नव्हतं, हे हौशीरामला नीट लागत नव्हतं.

"रिमोटनं. शेवटी काय, ब्याटरी उतरली. गाडी झाली हळू. त्येनं टाकला पंजा, आन कोंबडीची कातडी वढावी तशी वरची बॉडी वढून काढली. खालचा सांगाडा तसाच उघडा, फिरत फिरत माझ्या पायाशी येऊन थांबला." त्यानं फळीवरच्या मोटर-चाकांकडं बोट केलं. "ह्यो बघ. एक ओरखडा न्हाई. आन बिबट्या बॉडी तोंडात धरून उसात."

"आरं देवा," सोमनाथ म्हणाला. "वाचलास की राव."

"मग बॉडी आता उसात आहे," यशोधरा म्हणाली.

"उसात. तोड झाली की मिळंल. एक महिना धर. पर मी म्हंतो, कशाला तिची वाट बघायची? पिल्लांना खेळायला नेली आसंल त्येनं, खेळू दे. तुझ्याकडं दुसरी हाय. हितं ठिव, उद्या दुपारी घिऊन जा. माझी जबाबदारी."

यशोधरेनं पिशवीत हात घातला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुसरी बॉडी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ही शेवटची आहे, काका. ही गेली की रविवारी मी नुसती घाटात उभी राहून टाळ्या वाजवणार."

"जाती कुठं," हौशीराम म्हणाला. त्यानं कागद सोडवला. कवच हलकं, थंड, स्वच्छ. त्यानं ते उजेडात धरलं, आणि काळी रेघ कुठून सुरू करायची हे त्याला आत्ताच दिसायला लागलं. काम झालं होतं. ह्याच्यापुढं एक शब्द बोलायची गरज नव्हती, आणि हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पण सोमनाथ म्हणाला, "एवढ्या जवळनं बिबट्या बघून तू पळाला न्हाईस, हे काय मला पटत न्हाई."

"पळतो कशाला? उलट मागं गेलो."

"उसात?"

"बांधापतुर. बघतो तर बिबट्या बसलाय बांधावर, आन दोन पायांत बॉडी धरून चाटतोय. मांजर ताटली चाटतं तशी. म्हनलं, रंगाला काय गोडी लागली काय ह्येला. पर आपला रंगच तसा. दारावरचं नाव चाटलं, सात नंबर चाटला, टपाचा रंग चाटला. पार कोरी काच केली त्येनं. आन मग माझ्याकडं बघून जी जांभई दिली, साळुबाई, तुझ्या गळ्याशपथ सांगतो, जीभ निळी. मुळापतुर निळी."

माझ्या गळ्याला कशाला मधे घेतोस, असं साळुबाईला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात सोमनाथ मांडीवर थाप मारून बोलला. गाडा वेळेवर मिळायचा तर पेंटरच्या बाजूनं बोललेलं बरं, असा हिशेब त्यानं केला असावा.

"आसंल बाबा. आमच्यात निमगाव साव्याला चांगदेव मेंढक्या कालच सांगत व्हता. वढ्याला बिबट्या पानी पीत व्हता म्हनं, आन सगळं पानी निळं."

हौशीरामनं त्याच्याकडं चमकून बघितलं. आयत्या मिळालेल्या साक्षीदारानं त्याला स्वतःलाच क्षणभर खरं वाटायला लागलं होतं.

"बघ. निमगाव साव्यापतुर गेला त्यो. आता वनखात्यावाल्यांना लई सोपं जाईल. पिंजऱ्यात घावला की तोंड उघडून बघायचं."

यशोधरा ह्या बोलण्यात उठून खिडकीशी गेली होती. फळीवर पाच पट्ट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. तिनं एकेकीवरचं पेन्सिलीचं अक्षर वाचलं. पहिली पट्टी बोटात धरून वाकवली. ट्रॅक्टरच्या निळ्याची खपली टक्कन फळीवर पडली. शेवटची वाकवली, परत वाकवली, उजेडात उलटून बघितली. मग तिनं निळी बाटली उचलली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती, थेंबभर कमी असेल नसेल.

हौशीराम हे सगळं बघत होता आणि तोंड मात्र चालूच होतं. उद्या पेपरात येईल, फोटोवाले येतील, निळ्या रंगाला काय नाव द्यायचं, असं काहीतरी.

यशोधरेनं तिन्ही बाटल्या आणून त्याच्यासमोर स्टुलावर ठेवल्या, शेजारी पाचवी पट्टी ठेवली, भिंतीला टेकलेली ट्रॅक्टरची ट्यूब पायानं त्याच्याकडं सरकवली आणि स्वतः सोमनाथच्या बाकावर, त्याला जरा सरकायला लावून, काम संपेपर्यंत उठायचं नाही अशी मांडी घालून बसली. साळुबाईनं एवढा वेळ हातात धरलेला रिकामा काचेचा गिलास तिच्याकडं बघत हळूच स्टुलावर, बाटल्यांच्या बाजूला ठेवून दिला.

यशोधरेनं गिलासाकडं बघितलं, मग हौशीरामकडं.

"काका," ती म्हणाली, "रंग आतून होता ना? मग बिबट्यानं बाहेरून चाटला कसा?"